ताईचा आवाज, माझे ओठ

३ जून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. आम्ही सगळे इथे मजेत आहोत. आईला तुझी फार आठवण येते.

तू गेल्याला दोन महिने झाले. नव्या चित्रपटाची सात रिळं तुझ्या आवाजावाचून अडून राहिली आहेत. साहेबांचा तुझ्यावर मुळीच राग नाही. उलट ते म्हणतात, घरचं माणूस रुसलं तर त्याची समजूत काढायची असते. रेडिओवरच्या त्या मुलाखतीत जे झालं त्याचं आम्हा सर्वांना वाईट वाटतं. कोणते प्रश्न येणार आणि त्यांची उत्तरं काय लिहून दिलेली आहेत, याची मलाही कल्पना नव्हती.

तू फक्त आठ दिवसांसाठी ये. काम संपव आणि हवं तर परत जा. तू कळवशील त्या दिवशी गाडी येईल. या सगळ्याची कुठे वाच्यता करू नयेस, एवढीच विनंती. आपल्या दोघींचं भलं त्यातच आहे.

तुझी लाडकी बहीण


११ जून

ताई,

ते पत्र माझं नव्हतं. अक्षर माझं, मजकूर साहेबांच्या प्रचारवाल्यांचा. समोर खुर्ची ओढून बसले होते. मी ‘लाडकी’वर अडले तर म्हणाले, “लिहा हो, धाकट्या लाडक्याच असतात.” तुला पहिल्या ओळीतच कळलं असणार. मी तुला जन्मात कधी सप्रेम नमस्कार केलेला नाही. तू मला भोंगा म्हणायचीस, मी तुला ‘ए ताई’, एवढाच आपला शिष्टाचार.

हे पत्र केसवाल्या मावशी टोपांच्या खोक्यातून बाहेर नेणार आहेत. गेटवरचा माणूस पिशव्या उघडून बघतो, पण केसांच्या टोपात हात घालायला त्याला किळस येते.

मावशींनी परवा माझ्या वेण्या सोडता सोडता विचारलं, “हे तुमचं दोघींचं सुरू तरी कसं झालं?” त्यांच्याशी मी बोलते. आईशी आणि त्यांच्याशी, बस्स. सांगायला लागले आणि माझ्याच लक्षात आलं की सुरुवात तू केली होतीस. तेलाच्या कंपनीच्या त्या सौंदर्यस्पर्धेचा अर्ज तू भरलास. टेलिफोन एक्स्चेंजमधली तुझी पाळी संपली की उभ्याउभ्या माझा झगा टाचायचीस, तोंडात टाचण्या धरून मला रागवायचीस. मी एकोणीस वर्षांची. शेवटच्या फेरीत त्या माणसाने विचारलं, तुम्हाला आयुष्यात काय व्हायचंय. तू पाठ करून घेतलेली तीन वाक्यं ऐनवेळी आठवेनात. मी म्हणाले, “बघू.” सगळं सभागृह हसलं. त्यांना वाटलं पोरगी लाजाळूही आहे आणि हजरजबाबीही. मुकुट डोक्यावर आला, बक्षीस म्हणून साहेबांच्या चित्रपटात काम आलं. ‘बघू’पेक्षा लांब काही त्यांनी ऐकलंच नव्हतं.

मग पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दिग्दर्शक म्हणाला, “चेहरा लोण्याचा आणि आवाज करवतीचा.” आठवतं? सगळे हसले, ध्वनिमुद्रण करणारे आपले कानसेन सोडून. त्यांनी यंत्र बंद केलं आणि सांगितलं की हा आवाज वाईट नाही, पण या चेहऱ्यावर लोक सहन करणार नाहीत. आणि आपली आई मागच्या बाकावरून उठून म्हणाली, “आमच्या थोरलीला बसवून बघा. ती फोनवर ‘नंबर सांगा’ म्हणते तर लोक नंबर विसरतात.”

सहा वर्षं झाली त्याला. अकरा चित्रपट. मी ओठ हलवले, तू अंधारात पडद्यासमोर उभी राहून त्यात शब्द भरलेस. लोकांना चेहऱ्याचं कौतुक होतं, पण वेड लागलं ते आवाजाचं. त्यामुळे मला बाहेर तोंड उघडायची सोय उरली नाही. दाताच्या डॉक्टरकडे सहा वर्षांत मी फक्त ‘आ’ केलाय. शिंप्याला वाटतं मी गर्विष्ठ आहे, मी बोटाने दाखवते म्हणून. ‘घशाला विश्रांती दिलीय’ हे वाक्य आई झोपेतसुद्धा म्हणत असेल.

आता तू नाहीस, तर साहेबांनी नऊ मुली बसवून बघितल्या. कानसेन प्रत्येकीला शांतपणे ऐकतात आणि मान हलवतात. फोन आईच्या खोलीत हलवलाय. पुढच्या खिडक्यांना जाड पडदे लागलेत, कारण कुणीतरी रस्त्यावरून माझा फोटो काढला त्यात माझं तोंड उघडं होतं. मी आईला म्हटलं, मला गुदमरतं इथे. ती म्हणाली, “गप्प बसून राणीसारखं राहायला मिळतंय, तर तुझ्या पोटात का दुखतं?”

तुला ये म्हणत नाही. नुसतं लिहितेय.

भोंगा

ता.क. मुलाखतीचं खरंच मला माहीत नव्हतं.


२ जुलै

ताई,

मी इस्पितळात आहे. घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही. तेच तर झालंय.

साहेबांनी तोडगा काढला. घशाचं ऑपरेशन झालं असं जाहीर करायचं. मग आवाज बदलला तरी लोक समजून घेतील, नव्या मुलीला बसवता येईल. वार्ताहर चौकशीला येणार म्हणून खरं इस्पितळ, खरी खोली, ओळखीचे डॉक्टर. गळ्याला हे जाडजूड बँडेज बांधलंय आणि आत काही नाही. मी विचारलं, मी नाही म्हटलं तर? साहेब कधी आवाज चढवत नाहीत, तुला माहीत आहे. चहा ढवळत म्हणाले, “करारातले तीन चित्रपट बाकी आहेत. बंगला माझा आहे. आईंचं वय झालंय. तुम्ही शहाण्या आहात.” सोमवारी मी गाडीत बसले.

इथे परिचारिकेशीही बोलायचं नाही. ती भली आहे. सकाळी उशी सरळ करताना म्हणते, “रडायचं नाही हं, टाके ओढतात.” मला हसू येतं आणि मग खरंच रडू येतं.

शेजारच्या खोलीत एक मास्तरीण बाई आहेत. तीस वर्षं शाळेत शिकवलं. घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. त्या पाटी घेऊन फिरतात. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि लिहिलं: ‘पहिला महिना फार वाईट जातो. नंतर सवय होते.’ अक्षर फळ्यावरच्यासारखं, ठसठशीत. मी मान हलवली. त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं: ‘खोटं बोलले. सवय होत नाही.’

मग रोज येऊ लागल्या. मला एक जादा पाटी आणून दिली. आम्ही दोघी खिडकीशी बसून पाट्यांवर गप्पा मारतो. त्या वर्गातल्या मुलांच्या नकला हातवाऱ्यांनी करतात. इतकं चांगलं कुणी माझ्याशी सहा वर्षांत वागलेलं नाही, आणि ते एका बँडेजच्या जोरावर.

काल चुकले. त्या उठताना पाणी सांडलं, पाय घसरला, आणि मी ओरडले, “बाई, सांभाळा.”

त्या तशाच खुर्ची धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता चिडतील. ताई, त्यांचा चेहरा नुसता उजळला. पाटीवर लिहिलं: ‘आला! तुमचा आवाज आला.’ मला जवळ घेतलं, माझ्या केसांत तोंड खुपसून रडल्या. आवाज न करता कुणाला रडताना तू बघितलंयस का? नुसतं अंग हलतं.

त्यांना वाटतंय ऑपरेशन यशस्वी झालं. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

भोंगा


९ जुलै

ताई,

हे पत्र नीट बसून वाच. पाळीवर असशील तर आत्ता वाचू नकोस.

मास्तरीण बाईंनी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बोलावून घेतलं. मोठ्या डॉक्टरांपुढे हट्ट धरून बसल्या, सिनेमावालीचं केलंत ते ऑपरेशन माझं करा. डॉक्टर सांगत होते की तुमच्यासाठी असं ऑपरेशन नाही. त्यांनी लिहिलं: ‘मोठ्यांसाठी असतं, मास्तरणीसाठी नसतं?’ आणि जेवण सोडलं. दोन दिवस नुसतं पाणी. नवरा बिचारा दाराबाहेर डबा मांडीवर घेऊन बसलेला. माझ्याकडे बघून हात जोडायचा, जणू काही मी डॉक्टरांना सांगू शकते.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि बँडेज सोडलं. ते गुंडाळून ठेवायला बराच वेळ लागला. त्यांनी माझ्या गळ्यावर बोट फिरवलं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग लिहिलं: ‘टाका कुठाय?’

“नाही,” मी म्हणाले. “काहीच झालेलं नाही. माझा आवाज पहिल्यापासून असाच आहे.”

आणि सगळं सांगितलं. कंपनी, मुकुट, करवत, तू. तुझं नाव घेतलं, ताई. सहा वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्या माणसासमोर. मध्ये त्यांनी पाटी उचलली ती फेकून मारायलाच, असं मला वाटलं. पण त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि पुढे सांग असा हात केला. रेडिओचंही सांगितलं. की त्या लोकांना नटीची मुलाखत हवी होती, म्हणून माझ्या नावाने, तोंडावर पदर घेऊन तू गेलीस. की त्यांनी भावंडांबद्दल विचारलं आणि लिहून दिलेल्या कागदावरून तुला वाचावं लागलं, ‘मी एकटीच.’ की तू घरी आलीस, पाणी प्यायलीस आणि बॅग भरलीस.

बाईंनी लिहिलं: ‘ते उत्तर कुणी लिहिलं होतं?’

मी म्हणाले, प्रचारवाल्यांनी.

त्यांनी पाटी पुसली नाही. तशीच माझ्यासमोर धरून ठेवली. मुलाचं उत्तर चुकलं की मास्तर दुसरं काही न विचारता वाट बघत उभे राहतात ना, तशा. मग मी म्हणाले, “मी.”

ताई, ते मी लिहिलं होतं. आदल्या दिवशी प्रचारवाले प्रश्न आणि उत्तरं घेऊन आले. त्यांनी लिहिलं होतं, ‘एक मोठी बहीण आहे, ती नोकरी करते.’ मी ते खोडलं आणि वर लिहिलं. त्यांना कारण सांगितलं की बहीण आहे म्हटलं तर लोक तिला शोधत जातील, तिचा आवाज ऐकतील, सगळं उघडं पडेल. त्यांनी मला हुशार म्हटलं.

ते कारण खरं नव्हतं. मी कुठेही गेले की बायका आईला सांगायच्या, पडद्यावर काय गोड बोलते हो तुमची मुलगी. आई हसायची, तू गाडीत बसलेली असायचीस, काच वर करून. आणि मला वाटायचं, ही नसतीच तर हा आवाज माझाच असता. वेड्यासारखं आहे. तू नसतीस तर आवाजच नसता. पण तसं वाटायचं, आणि मी ते पेनने लिहून टाकलं.

त्या दिवशी मी आणि आई रेडिओशी बसलो होतो. प्रश्न आला आणि तू थांबलीस. इतकी थांबलीस की आईने उठून बटण फिरवून बघितलं. मग तू म्हणालीस. किती गोड म्हणालीस. मी चहाचा कप खाली ठेवला आणि मला बरं वाटलं. हे सांगायचं होतं. मला बरं वाटलं होतं.

मास्तरीण बाईंनी पाटी पालथी ठेवली. दाराकडे बोट केलं. मी निघाले. पण त्या दुपारी त्यांच्या नवऱ्याला रिकामा डबा विसळताना मी बघितलं.

भोंगा


३० जुलै

ताई,

तुझं पत्र मिळालं. मावशींनी टोपाच्या अस्तरातून काढून दिलं. सात ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्यात की आता डोळे मिटूनही दिसतात. ‘अक्षर मी तिथेच ओळखलं होतं, माईकसमोर. तू “ए” काढताना शेपटी लांबवतेस. तू कधी सांगतेस याची वाट बघत होते. बरं केलंस सांगितलंस. मी येणार नाही. इथे लोक मला माझ्या नावाने हाक मारतात. आईच्या गुडघ्याला शेक दे, ती स्वतःहून सांगणार नाही.’

तू सगळं जाणून होतीस आणि तरी ते वाचलंस. चिडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

आईला पत्र दाखवलं. ती वाचून म्हणाली, “गुडघ्याचं हिला कुणी सांगितलं?” आणि उठून आत गेली. संध्याकाळी शेक द्यायला बसले तर नेहमीसारखा पाय ओढून घेतला नाही. म्हणाली, “दोघींतली एक तरी बोलती राहावी म्हणून मी सगळं केलं गं.” मी विचारलं, कोणती? तिने दुसरा गुडघा पुढे केला.

आता इथलं. मी बँडेज सोडलं हे परिचारिकेने डॉक्टरांना आणि डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं. ते स्वतः आले. सोबत वर्तमानपत्र होतं. पहिल्या पानावर माझा फोटो, खाली ठळक अक्षरांत: ऑपरेशन अयशस्वी, लाडक्या अभिनेत्रीचा आवाज कायमचा गेला.

मी म्हणाले, “मी बोलतेय की तुमच्याशी.”

“माझ्याशी बोला ना,” साहेब म्हणाले. “आईंशी बोला, भिंतींशी बोला. राहिलेले तिन्ही चित्रपट मुक्या मुलीचे आहेत. लेखक कामाला लागलेत. लोक आत्ताच रडतायत. तुमच्या ताईंनाही आता त्रास नको.” अर्धवट राहिलेला तो चित्रपट डब्यात गेला, सात रिळांसकट.

मी हातपाय मारले नाहीत असं समजू नकोस. मावशींच्या ओळखीच्या वकिलांना शिंप्याच्या दुकानात भेटले. त्यांनी करार वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाई, कोर्टात सही बोलते, माणूस नाही. सही तुमची आहे.” एका संपादकांना चिठ्ठी पाठवली की मला आवाज आहे, येऊन ऐका. चौथ्या दिवशी साहेबांनी तीच चिठ्ठी माझ्या पुढ्यात ठेवली, घडीसुद्धा तशीच. दुसऱ्याच्या हाताने वाघ मारायला निघाले होते, तो हातच वाघाचा निघाला.

पोती भरून पत्रं येतायत. लोकांनी मला खुणांची भाषा शिकायची पुस्तकं पाठवलीत. एका मुलीने लिहिलंय, तुमच्यासाठी मीही एक दिवस बोलले नाही. मी तिला काय उत्तर देऊ?

आधी मी गर्विष्ठ म्हणून गप्प होते. आता मुकी म्हणून. सेटवर लोक माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलतात, जणू मी बहिरीही आहे.

भोंगा


१४ नोव्हेंबर

ताई,

मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. सकाळी गाडी, दिवसभर डोळ्यांनी बोलायचं, संध्याकाळी गाडी. मुकीचं काम मला चांगलं जमतंय असं सगळे म्हणतात. इतकी तयारी कुणाची असणार?

गेल्या आठवड्यात आगीचं दृश्य होतं. लाकडी झोपडं उभं केलेलं, आत मी, कोंडलेली. एकदाच पेटवायचं, दुसरं झोपडं नाही. तीन कॅमेरे. ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणलंच नव्हतं, मुकीच्या दृश्याला माईक कशाला? मी दाराला धडका मारायच्या, खिडकीशी यायचं, मग मागची फळी उघडून दोन माणसं मला बाहेर काढणार, असं ठरलेलं.

मी खिडकीशी आले तोवर सगळं बेतल्याप्रमाणे चाललं होतं. मग वरची तुळई तुटली आणि मागच्या फळीवर पडली. धूर इतका की हाताला हात दिसेना. खिडकीतून समोर कॅमेरा दिसत होता, त्याच्यामागे सगळी माणसं शांत उभी. त्यांना वाटत होतं मी काम करतेय. मी खिडकीचे गज धरून हलवले, तेही त्यांना काम वाटलं. ताई, मला त्या वेळी अभिनय, करार, साहेब काही म्हणता काही आठवलं नाही. मी ओरडले. जेवढा म्हणून आवाज माझ्यात होता तेवढा सगळा काढून ओरडले, “ताई.” तीनदा. चौथ्यांदा धूर आत गेला.

मग कुणीतरी पाणी मारलं, कुणी कुऱ्हाडीने गज तोडले. दंडाला भाजलंय, फार नाही. मावशी मलम लावतात. आई नुसती शेजारी बसते.

मी बाहेर गवतावर पडले होते तेव्हा शंभर माणसं भोवती उभी होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. दिग्दर्शकाने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जमवून सांगितलं की धुरामुळे भास होतात. लोकांनी माना हलवल्या. पोट सगळ्यांनाच आहे. पण दुपारी दिवेवाले काका शिडीवरून उतरताना माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, “थोरल्या कुठे असतात?”

मी त्यांना तुझ्या गावाचं नाव सांगितलं. कुजबुजले नाही, नेहमीच्या आवाजात सांगितलं. मावशींच्या हातातली पिन पडली. आसपासची चारपाच माणसं वळून बघायला लागली आणि मग जो तो आपापल्या कामाला लागला. काका म्हणाले, “लांब आहे,” आणि वायर गुंडाळत निघून गेले. आता ते रोज सकाळी विचारतात, “काय बाई, बरं आहे का?” आणि मी म्हणते, “बरं आहे, काका.” एवढंच. कुणी काही करत नाही, साहेबांना सांगतही नाही.

साहेबांनी काल ते दृश्य बघितलं. तीनदा लावायला सांगितलं. म्हणाले, “मुकीचा जीव फुटून शब्द यायला बघतोय आणि येत नाहीये. हे कुठल्या नटीला जमेल? एक फूटही कापू नका.” मी मागे बसले होते. संगीतवाल्यांना तिथे व्हायोलिनं हवी होती. कानसेन म्हणाले, नको, तिथे काही घालू नका. पहिल्यांदाच त्यांनी साहेबांच्या समोर काही ठणकावून सांगितलं असेल. बाहेर पडताना माझ्याजवळून गेले, पण बघितलं नाही.

अजून दोन चित्रपट आहेत. गेटवरचा माणूस तोच आहे. तुला ये म्हणत नाही, माफ कर असंही म्हणत नाही, त्यावर तुझं तू ठरव. फक्त चित्रपट लागला की एकदा जाऊन बघ. सगळ्या गावाला ती मुकी दिसेल. तू सहा वर्षं अंधारात उभी राहून माझे ओठ बघितलेस, तुला दुसरं काही दिसायचं नाही.

तो तुकडा तसाच ठेवलाय. त्याला कुणाचाही आवाज दिलेला नाही.

भोंगा